भावाच्या आवाजासाठी घेतलेला कॉम्प्युटर

मी आयुष्यात एकच कॉम्प्युटर स्वतः पारखून घेतला आणि तोच चुकला. त्यानंतर घरात दोन-तीन आले, ते पुतणीने निवडले. माझं मत कुणी विचारलं नाही आणि मीही दिलं नाही. ज्याने एकदा एवढी माती खाल्ली, त्याने पुन्हा त्या दुकानात तोंड दाखवू नये.

गोष्ट नव्वदीच्या शेवटाकडची. आम्ही जळगावला राहत होतो. मी पाइपच्या कारखान्यात पाळीवर जायचो आणि उरलेल्या वेळात आमच्या गायन पार्टीत कीबोर्ड वाजवायचो. पार्टी सहा जणांची. दोघे कोरसला, एक ढोलकीवर, एक बेंजोवर, मी, आणि मध्ये माझा थोरला भाऊ. एप्रिल लागला, वस्त्यावस्त्यांत जयंतीचे निळे झेंडे चढले, की आम्हाला उसंत नसायची. आज पाचोरा, उद्या वरणगाव, परवा धुळं. बोलावणं यायचं ते भाऊच्या आवाजाला. बाकी आम्ही पाच जण ताटातल्या मीठ-लिंबासारखे. असले तर बरं, नसले तरी जेवण होतंच.

भाऊ दिवसा बोर्ड रंगवायचा. सोनारांच्या पेढ्या, डाळ मिल, रिक्षांच्या मागची नावं, जे येईल ते. बोर्ड पुरा झाला की खाली उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव घालायचा. गाण्यातही तेच. गाणी तो स्वतः रचायचा, आणि आमच्यात रिवाज असा की शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव गुंफलेलं पाहिजे. ते कडवं आलं की तो डोळे मिटायचा आणि आपलं नाव वरच्या सुरात घ्यायचा. लोक त्या नावाची वाट बघत बसलेले असायचे. मी त्याला चिडवायचो, बोर्ड असो की गाणं, सही केल्याशिवाय तुझं पोट भरत नाही. तो हसून म्हणायचा, "भो, रंग उडी जास. नाव राहस."

त्या वर्षी दिवाळीनंतर त्याचा घसा बसला. आधी खडीसाखर झाली, मग हळद-दूध, मग गुळण्या. वहिनी म्हणायची रंगाच्या वासाने झालं, कोरसवाले म्हणायचे दृष्ट लागली. दोन महिने गेले तरी आवाजावरची खरखर जाईना, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी मुंबईला पाठवलं. तिथे कळलं की स्वरयंत्रावर गाठ आहे आणि स्वरयंत्रच काढावं लागेल. ऑपरेशनची तारीख महिन्यानंतरची मिळाली. तोवर बोलणं कमी ठेवा, गाणं तर नकोच, असं डॉक्टर म्हणाले. मी हट्टाने विचारलं तेव्हा म्हणाले, अगदीच असेल तर दिवसाकाठी अर्धा तास, तेही सावकाश.

आता त्या आवाजाचं आमच्याकडे काय होतं ते सांगतो. काही नव्हतं. पार्टीची एकच कॅसेट होती, कुण्या मंडळाने भरून दिलेली. तिच्यावर मी सिनेमातल्या गाण्यांचे म्युझिक पीस भरून टाकले होते, कीबोर्डवर बसवायला. आमच्यात कोरी कॅसेट कुणी विकत घेत नसे, जुनीवरच नवं भरायचं. भाऊ काय, रोजच गातो, त्याचं कशाला जपून ठेवायचं, असा हिशेब.

मग मला धुळ्याचं एक लग्न आठवलं. तिथे सुरतेचा ऑर्केस्ट्रा आला होता, आणि कीबोर्डवाल्याने शेजारी कॉम्प्युटर मांडला होता. त्याने एक पट्टी दाबली आणि दहा बायका एका सुरात 'आ' म्हणाल्या. मी जेवण सोडून त्याच्यापाशी गेलो होतो. त्याने सांगितलं होतं, कुणाचाही आवाज आत भरता येतो, एकेक सूर घ्यायचा आणि एकेका पट्टीवर बसवायचा, मग पट्टी दाबली की तो माणूस गातो. मुंबईहून परतताना पाचोरा येईपर्यंत माझं ठरलं होतं. भाऊचं ऑपरेशन होवो, एप्रिलमध्ये पार्टी उभी राहील आणि आवाज भाऊचाच असेल. भाऊला सांगितलं तेव्हा त्याने मान हलवली. त्या काळात तो कशालाही मान हलवत होता.

पीएफमधून जेवढे मिळाले तेवढ्यात कॉम्प्युटर बसवायचा होता. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. जळगावात तेव्हा सुटे भाग आणून कॉम्प्युटर जोडून देणारी तीन-चार दुकानं होती. मी गेलो ते एका जिन्यावरचं. दुकानदार पुण्याला शिकून परत आलेला, माझ्याच वयाचा. या सगळ्या गोष्टीत खरं बोललेला तो एकटाच माणूस. मी त्याला भाऊचं सगळं सांगितलं. त्याने चहा मागवला, पाठकोऱ्या कागदावर यादी केली आणि मला समजावलं. भरलेला आवाज वाजवताना एका कार्डावरच्या मेमरीत बसतो. छोट्या कार्डात ती अर्धा एमबी असते, मोठ्या कार्डात चार. तुमचे पैसे पुरत नाहीत, तेव्हा मॉनिटर जुना, ब्लॅक अँड व्हाइट घ्या, मी स्वस्तात काढून देतो. डबाही पत्र्याचा, कसलाही चालेल. सगळा पैसा कार्डात घाला. मग म्हणाला, लोकांना आवाज ऐकायचाय, मॉनिटर बघायचा नाही.

मला मनातल्या मनात हसू आलं. म्हटलं, हा शिकलेला आहे, पण स्टेजवर बसलेला नाही.

कारण आमच्या धंद्यात लोक आधी बघतात. स्टेजच्या दोन्ही बाजूंना आम्ही चार-चार स्पीकरची खोकी रचायचो. त्यातल्या दोनांतच स्पीकर, बाकीची सहा नुसती लाकडी, पुढे काळी जाळी ठोकलेली. सगळ्या पार्ट्या असंच करायच्या. बडा घर, पोकळ वासा. मंडळाचे कार्यकर्ते बोलणी करायला आले की खोकी मोजायचे आणि त्यावर बिदागी ठरायची. माझ्या दोन कीबोर्डांतला खालचाही कित्येक वर्षं मेलेला होता, तरी मी एक हात त्याच्यावर ठेवून वाजवायचो. रिकामी खोकी टेम्पोत चढवायचं काम माझंच, त्यामुळे ती किती हलकी आहेत हे माझ्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. असं असूनही मी तिथे, त्या जिन्यावरच्या दुकानात, असा विचार केला की जुना पिवळट मॉनिटर स्टेजवर मांडला तर लोक काय म्हणतील. गायक मुका झाला आणि पार्टी भिकेला लागली, असंच म्हणतील. त्यापेक्षा मोठा रंगीत मॉनिटर असावा, त्यावर आवाजाच्या रंगीत पट्ट्या वरखाली नाचाव्यात, म्हणजे पार्टी पुढे गेली असं दिसेल. आवाज काय, तो तर भरला जाणारच आहे.

मी मोठा रंगीत मॉनिटर, नवा डबा आणि छोटं कार्ड सांगितलं. दुकानदाराने पेन खाली ठेवलं. कार्ड मागून बदलता येईल, म्हणाला, पण ते मुंबईहून मागवावं लागेल, पुन्हा तेवढा खर्च येईल. मी म्हटलं, नंतर बघू.

कॉम्प्युटर घरी आला तेव्हा गल्ली बघायला लोटली. ऑपरेशनला एकोणीस दिवस उरले होते. आम्ही मागच्या खोलीत खिडकीला गोधड्या लावल्या आणि भाऊला माइकसमोर बसवलं. मी कीबोर्डवर सूर द्यायचो आणि भाऊ त्यावर 'आ' लावायचा, श्वास पुरेल तेवढा. दिवसाला अर्धा तास. त्यात कधी शेजारच्या मिलची मोटर सुरू व्हायची, कधी गल्लीतून रिक्षा जायची, कधी त्याला ठसका यायचा. पुन्हा पहिल्यापासून. एक सूर मनासारखा मिळायला एक दिवस, कधी दोन. मी हेडफोन लावून मुकादमासारखा बसलेला, पुसून टाक, परत घे, परत घे. तो एकदा म्हणाला, मुंबईच्या डॉक्टरपुढेसुद्धा मी इतका आ केला नव्हता. त्यावर आम्ही दोघं हसलो. ते हसू मी भरून घेतलं नाही. रेकॉर्डिंग बंद होतं.

नऊ-दहा दिवसांत सात सूर झाले. त्या दिवशी अर्ध्या तासातली दहाएक मिनिटं उरली होती. भाऊने पाण्याचा घोट घेतला, पुतणीला मांडीवर घेतलं. ती तेव्हा चार वर्षांची होती. मग माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मले एक गानं पुरं म्हनू दे, भो. नावसगट."

मी काय म्हणालो ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणालो, "गाणं नंतर म्हण. अजून पाच सूर राहिलेत."

मला वाटत होतं मी शहाणपण करतोय. गाण्याचं काय करायचं, ते पट्ट्यांवर बसत नाही. गाणं म्हटलं तर घसा दमेल आणि उद्याचा सूर जाईल. बारा सूर झाले की कुठलंही गाणं मी वाजवू शकेन, मग एका गाण्याचा लोभ कशाला? असं मी त्याला समजावलं, आणि त्याने त्यालाही मान हलवली. पुतणीला खाली उतरवलं आणि आठव्या सुराला तोंड उघडलं.

बारावा सूर झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी म्हटलं, चल, आता म्हण तुझं गाणं. तो माइकसमोर बसला, डोळे मिटले, तोंड उघडलं. नुसती हवा आली. थोडं थांबून परत बघितलं, परत हवा. त्याने डोळे उघडले आणि माइकची वायर स्वतःच गुंडाळायला घेतली. ती गुंडाळून माझ्या हातात दिली आणि उठला. त्याच संध्याकाळी मुंबईची गाडी होती.

ऑपरेशन नीट पार पडलं. भाऊ गळ्यात भोक घेऊन परत आला आणि पुतणीची दगडी पाटी त्याच्या हातात आली. बोर्ड रंगवणाऱ्याचा हात, पाटीवरसुद्धा वळणदार लिहायचा. 'चहा' लिहिलं तरी बघत राहावं असं. मी रजा काढून सूर पट्ट्यांवर बसवायला घेतले, आणि चार सूर बसल्यावर कॉम्प्युटरने सांगितलं की जागा संपली.

दुकानदार येऊन बघून गेला. म्हणाला, एवढंच बसणार, मी तेव्हा सांगितलं होतं. बाकीच्या पट्ट्यांवर या चारांतलाच जवळचा सूर ताणून बसेल, वर ताणला की आवाज बारीक होतो, खाली ओढला की जाड. मी त्याला मॉनिटर परत घे म्हणून विनवलं. त्यालाही पोट होतं. मोठं कार्ड मागवायला माझ्याकडे काही उरलं नव्हतं, आणि जयंती वीस दिवसांवर आली होती.

मी घरी छोट्या स्पीकरवर वाजवून बघितलं. आवाज कसा येतोय ते मला ऐकू आलं नाही असं म्हणणार नाही. आलं होतं. स्टेजच्या मोठ्या स्पीकरवर बरं वाटेल, ढोलकीत मिसळून जाईल, असं मीच मला सांगितलं. वहिनी दारात उभी राहून ऐकत होती, ती आत गेली. भाऊला मी आधी ऐकवलंच नाही. तोही 'ऐकव' म्हणाला नाही, म्हणजे तसं त्याने पाटीवर लिहिलं नाही.

पहिला कार्यक्रम धुळ्याला होता, एका वस्तीत, जिथे भाऊ दहा-बारा वर्षं गायला होता. भाऊने नवा बॅनर रंगवला. निळ्यावर पांढरी अक्षरं, 'कॉम्प्युटरच्या साथीने', आणि कोपऱ्यात त्याचं नाव. पारोळ्याच्या रस्त्याने टेम्पो गेला, मॉनिटर सगळा रस्ता माझ्या मांडीवर. संध्याकाळी उजेड असतानाच आम्ही मांडामांड केली. मी म्हटलं होतं तसंच झालं, लोक मॉनिटर बघायला स्टेजला खेटले. कार्यकर्ते खूश. भाऊ झांज घेऊन माझ्या उजव्या हाताला बसला, गळ्याभोवती पांढरा रुमाल. पुढच्या रांगेत एक आबा होते, भाऊच्या प्रत्येक कार्यक्रमाला येणारे. त्यांनी खुणेनेच भाऊला विचारलं, कसं आहे? भाऊने माझ्याकडे, म्हणजे कॉम्प्युटरकडे, बोट दाखवलं.

वंदना झाली, आणि मी भाऊच्याच गाण्याचा आलाप सुरू केला. पहिली पट्टी दाबली. मैदानावर भाऊचा आवाज आला. अगदी त्याचाच, तो भरताना बाहेर मिलची मोटरसुद्धा गप्प होती. लोक बोलायचे थांबले. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तेवढे दोन-तीन सेकंद मला वाटलं की मी भावाला वाचवलं.

मग आलाप वर चढला. मी वरच्या पट्ट्यांवर गेलो आणि भाऊचा आवाज बारीक झाला, आणखी बारीक झाला, नाकातून रडणाऱ्या पोरासारखा झाला. मी घाबरून खाली आलो तर तो रेड्यासारखा जाड झाला. पुढची पोरं हसायला लागली. एकाने नक्कल केली, मग दुसऱ्याने. मग मोठी माणसंही हसली. त्यांचा दोष नाही, तो आवाज हसण्यासारखाच होता. मॉनिटरवर रंगीत पट्ट्या मस्त नाचत होत्या.

मी भाऊकडे बघितलं. त्याची झांज थांबली नव्हती. ज्या आवाजावर लोक हसत होते त्याला तो ताल देत होता, एक मात्राही न चुकवता. मी हात उचलला तर त्याने मानेने खूण केली, वाजव. मला वाजवता आलं नाही. मी वायर काढून टाकली, आणि कोरसमधल्या थोरल्याने गाणं उचललं. शेवटच्या कडव्यात भाऊचं नाव आलं. ते कोरसवाल्याने आपल्या साध्या आवाजात घेतलं, लोकांनी थोड्या टाळ्या दिल्या. भाऊने डोळे मिटले नव्हते. त्याचं नाव दुसऱ्याच्या तोंडून तो पहिल्यांदाच ऐकत होता.

रात्री आम्ही तिथेच वस्तीवर मुक्काम केला. सकाळी पारोळ्याला चहाला टेम्पो थांबला. मी खाली उतरलोच नाही, मॉनिटर धरून बसून राहिलो. भाऊ चहाचा कप घेऊन आला, तो माझ्या हातात दिला आणि काखेतली पाटी काढून लिहिलं. लिहायला त्याने नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग पाटी माझ्यापुढे धरली. 'डबा स्टेजवर चांगला दिसला.'

त्याने मला शिव्या दिल्या असत्या, ती पाटी डोक्यात घातली असती, तर मी आज जरा बरा माणूस असतो. ते वाक्य मी अजून गिळतोय.

पार्टी त्या एप्रिलनंतर उठली. भाऊ आणखी दोन वर्षं होता, बोर्ड रंगवत होता, कोपऱ्यात नाव घालत होता. तो गेल्यावर कॉम्प्युटरची डिस्क बिघडली आणि बाकीचे आठ सूर तिच्याबरोबर गेले. मॉनिटर मात्र शेवटपर्यंत चालला, भंगारवाल्याने त्याचेच पैसे दिले. माझ्याकडे एक फ्लॉपी उरली, तिच्यात ते चार सूर. त्याने रंगवलेले बोर्डही एकेक करून गेले. नाव राहस, म्हणायचा तो. ते त्याच्या आवाजात कुठेही राहिलेलं नाही.

पुतणी मोठी झाली, नोकरीला लागली. तिला वडिलांचा आवाज आठवत नाही. गळ्यातला रुमाल आठवतो, पाटी आठवते. गेल्या वर्षी तिने ती फ्लॉपी कुठूनतरी उघडून आणली आणि माझ्यासमोर लावली. चार सूर, प्रत्येकी जेमतेम तीन सेकंद. तिने ते एकदा ऐकले, आवाज वाढवून पुन्हा ऐकले, मग स्पीकरला कान लावून पुन्हा.

"काका," ती म्हणाली, "यात पप्पा काय म्हणताहेत?"

मी म्हणालो, काही नाही, नुसता सूर आहे. तिने मान हलवली, अगदी त्याच्यासारखी, आणि परत पहिल्यापासून लावलं. ती अजून शब्द शोधत होती. तिला मी सांगितलं नाही की त्याला म्हणायचं होतं, तिला मांडीवर घेऊन, पुरं गाणं, नावासकट. मीच त्याला 'नंतर' म्हणालो होतो.